दमानं म्हणजे हळू

मला गाडी चालवता येत नाही. साधी सायकलसुद्धा मी कधी चालवली नाही. पण शेजारी बसून दुसऱ्याला चालवायला शिकवणं मला जन्मतःच येतं. ऑटोत बसले की माझी टकळी सुरू. "अहो, डावीकडून घ्या", "पुढं खड्डा आहे", "सिग्नल पडला, दिसत नाही का?" एकदा नारायणगुड्याच्या चौकात एका ऑटोवाल्यानं ऑटो थांबवला, मागं वळला आणि हात जोडून म्हणाला, "अम्मा, तुम इधर आके बैठो, मैं पीछे बैठता." घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

तीस वर्षं मी जामबागेतल्या एका जुन्या शाळेत मराठी शिकवलं. आमचे आजोबा निजामाच्या काळात परभणीकडची शेती भावांच्या हवाली करून इथं आले, तेव्हापासून आम्ही हैदराबादचेच. वर्गातली पोरंही तशीच. घरी आई मराठवाड्याची, आडनाव मराठी, आणि तोंड उघडलं की, "टीचर, मेरा वही नै मिल रा." मी वैतागायची, रागवायची, कान पिळायची. निवृत्त झाले, वर्ग सुटला, पण खोड काही सुटली नाही. मग सगळी खोड जाऊन पडली एकाच विद्यार्थिनीच्या अंगावर. माझ्या भावाची मुलगी.

बरकतपुऱ्यात आमचं दोन मजली घर आहे. खाली मी एकटी, वर धाकटा भाऊ, भावजय आणि ही पोर. पोर कसली, सव्वीस वर्षांची, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. इंग्रजी फाडफाड, तेलुगू ऑफिसपुरतं, आणि घरात जे काय बोलायची त्याला मराठी म्हणायचं आपलं. "आत्या, ते डबा किधर रखलीस?" मी तिथल्या तिथं म्हणायची, "तो डबा. कुठं ठेवलास." ती गळ्यात पडायची. "तुला समझलं ना? मग हो गया ना!" मराठी वाचायला दिलं की एकेक अक्षर जोडत बसायची, आणि दोन ओळींत कंटाळायची. पण माझं ऐकायची. लहानपणी पाढे म्हणून घेताना मी नुसता आवाज चढवला तरी आकडा बरोबर यायचा तिचा. माझ्या आवाजावर तिचा फार विश्वास होता.

तिनं स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. छोटी नाही, चांगली उंच, दांडगी एसयूव्ही. भाऊ म्हणाला, "एवढं धूड पोरीला कशाला?" ती म्हणाली, "मी चालवणार, तर मीच ठरवणार ना पप्पा." आणि चालवायची छान. कोटीच्या बाजारातल्या गर्दीतून ते धूड असं काढायची की मलासुद्धा बोलायला काही सापडायचं नाही. म्हणजे मी बोलायचीच, पण सवयीनं.

माझ्या भावजयीला बर्फ बघायचा होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, बाईनं कधी काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे. "फ्रीजमधला सोडून कुठला बर्फ पाहिलाच नाही हो अक्का मी." पोरीनं लगेच मनावर घेतलं. फेब्रुवारीत सुटी काढते, आपल्याच गाडीनं हिमाचलला जाऊ, तू, मी, आत्या. भावाला कामातून सवड नव्हती. त्यानं एकच अट घातली, ड्रायव्हर न्यायचा. पोर म्हणाली, ड्रायव्हर नको, मी चालवणार. दोन दिवस घरात धुसफूस. दोघंही माझ्याकडं बघू लागले, आणि मी ताठ मानेनं म्हणाले, "जाऊ दे तिला. मी आहे ना सोबत. मी लक्ष ठेवते."

काय ते लक्ष ठेवणं! जळो.

नागपूर, झाशी, दिल्ली करत चार दिवसांत आम्ही डोंगरात पोचलो. पोरीनं गाडी इतकी सुरेख नेली की भावजय मागच्या सीटवर निवांत घोरायची. वर पोचलो तर हॉटेलात एक वयस्क ड्रायव्हर होता, सगळे त्याला चाचा म्हणत. आमची गाडी बघून तो पोरीला म्हणाला, "बिटिया, ये बड़ी गाड़ी चढ़ती अच्छी है. रुकती अच्छी नहीं." मग त्यानं तिला तासभर समजावलं. चारी चाकांना जोर आहे म्हणून चढ चढून जाल, पण थांबायच्या वेळी त्याचा काही उपयोग नाही, उलट एवढं वजन घसरतच जातं. उतारावर गिअर खालचा ठेवायचा, वेग इंजिनानं कमी करायचा. ब्रेकला पाय नुसता लावायचा, दाबायचा नाही. घसरली तर अॅक्सिलरेटर सोडायचा, जिकडं जायचंय तिकडं स्टिअरिंग हलकेच वळवायचं, आणि घाबरून ब्रेकवर उभं राहायचं नाही. झाडांच्या सावलीतला रस्ता ओला दिसतो, पण तो ओला नसतो, वर काचेसारखा बर्फ असतो. तिथं जास्त जपायचं.

हॉटेलामागं एक मोकळं पटांगण होतं, बर्फानं भरलेलं. तिथं ती सकाळभर गाडी घसरवत बसली. मुद्दाम घसरवायची, मग सावरायची. मी आणि भावजय शालीत गुरफटून बघत होतो. परत आली तेव्हा गाल लाल झालेले. "आत्या, गाडी सुनती! हळू बोललं ना, तर बराबर सुनती." मी म्हणाले, "ऐकते म्हण." आणि मनात म्हणाले, पोर हुशार आहे हो माझी.

पुढचे दोन दिवस तिनं त्या रस्त्यांवर गाडी चालवली, कुठं म्हणून चूक केली नाही. भावजयीनं बर्फ हातात घेतला, तोंडाला लावला, आणि लहान मुलीसारखी रडली. ते बघून मला वाटलं, आलो याचं सार्थक झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली उतरत होतो. मी पुढं, पोरीच्या शेजारी. भावजय मागं झोपलेली. पट्टा शालीवरून टोचतो म्हणून तिनं काढून ठेवला होता, आणि मी, सगळ्या जगाला सूचना देणारी, तेवढं सोडून बाकी सगळं बोलत होते. एका वळणावर देवदारांची दाट सावली होती. वळणाच्या पुढं रस्त्याकडेला एक टेम्पो उभा. आमची गाडी थोडीशी घसरली. मागचा भाग किंचित डावीकडं गेला.

पोरीनं सगळं बरोबर केलं. हे मला आता माहीत आहे. पाय उचलला, गिअर खाली घेतला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग हलकेच डावीकडं घेतलं. गाडीचा वेग कमी होत होता. टेम्पोपासून आम्ही निदान चार गाड्यांइतक्या लांब होतो. पण मला त्यातलं काही दिसलं नाही. मला नुसतं टेम्पोचं मागचं फाळकं दिसत होतं. मी ओरडले, "अगं दमानं! दमानं मार ब्रेक!"

तिनं सगळ्या ताकदीनं ब्रेक मारला.

पायाखालून गडगडगड असा आवाज आला. गाडी थांबायच्या ऐवजी सरळ पुढं निघाली, मग आडवी झाली आणि डाव्या अंगानं रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर आदळली. टेम्पो राहिला तसाच बाजूला. क्षणभर काही ऐकू येईना. मग मागून भावजयीचा आवाज आला, "अय्यो, माझा हात."

ती पुढच्या सीटवर आपटली होती. मनगट वेडंवाकडं लोंबत होतं. पोर स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली. तिला खाली उतरवायला त्या टेम्पोवाल्याला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी भाऊ विमानानं आला, तिथून टॅक्सी करून त्या छोट्या हॉस्पिटलात पोचला. बायकोचा प्लास्टर घातलेला हात बघितला आणि बाहेर येऊन थेट मुलीसमोर उभा राहिला. "कसं झालं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, मी बराबर घेत होते. आत्या बोलली, दम से मार. म्हणून मी मारली."

त्या क्षणी मला सगळं कळलं. मी काही पुढं कधीतरी विचार करून उलगडा केला असं नाही. तिथं, त्या फिनेलच्या वासात, भिंतीला टेकून उभी असतानाच कळलं. मी म्हणाले होते दमानं. माझ्या आईनं, आजीनं मला जन्मभर सांगितलेलं दमानं. दमानं खा, दमानं चाल, दमानं घे. हळू, धीरानं. पण ही पोर हैदराबादेत वाढली. तिनं आयुष्यभर काय ऐकलं? दम लगाके धक्का मार. दम है तो आ. दम से खींच. तिच्या कानाला दम म्हणजे जोर, ताकद. घाबरलेल्या घटकेला माझ्या शब्दातलं 'दम' तिच्यापर्यंत पोचलं, 'नं' वाटेत सांडलं. आणि आत्याचा आवाज चढला की ऐकायचं, एवढं तिला पाठ होतं.

नंतर मी स्वतःशी वाद घातला. म्हटलं, बिर्याणीला दम देतात तो तरी हळूहळूच देतात की! एवढं तरी समजायला नको का पोरीला? असले फालतू बचाव सुचायला डोकं बरं चालतं.

भाऊ माझ्याकडं वळला. "अक्का? तू म्हणालीस असं?"

मी म्हणाले, "मी? 'दम से'? अरे, मी असं बोलेन तरी का?"

व्याकरणानं बघायला गेलं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी 'दम से' म्हणाले नव्हते. माझ्या तोंडून असलं मराठी निघत नाही हे घरच्या भिंतींनाही माहीत होतं. भावालाही माहीत होतं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि त्याचा आवाज चढला. "स्वतः चुकायचं आणि आत्याच्या नावावर घालायचं? तुझ्या मम्मीचा हात मोडलाय आत."

"मैं सुनी पप्पा. कसम से, मी ऐकलं." आणि ती माझ्याकडं बघत राहिली. मी आता काहीतरी बोलेन, म्हणेन अगं थांब, असं झालं, अशी वाट बघत.

मी खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधू लागले. पिशवीत शोधायचं काही नव्हतं.

का केलं मी असं? खूप वेळा विचारलंय स्वतःला. भाऊ मला काय करणार होता? काही नाही. चार शब्द बोलला असता, नंतर विसरला असता. पण तीस वर्षं ज्या बाईनं लोकांच्या पोरांची मराठी सुधारली, त्या बाईच्या मराठीनं घरातल्याच माणसाचा हात मोडला, हे मला ऐकवणार नव्हतं. 'मी लक्ष ठेवते' म्हणून मिरवले होते. लोक हसले असते. एवढ्यासाठी, बाकी कशासाठी नाही, मी त्या पोरीला तोंडघशी पाडलं.

आम्ही विमानानं परतलो. गाडी मागाहून ट्रकवर चढून आली. दुरुस्त झाली आणि पोर्चमध्ये कापड पांघरून उभी राहिली. भावानं किल्ली कपाटात ठेवली. पोरीनं मागितली नाही. ती मेट्रोनं ऑफिसला जाऊ लागली, दोनदा बदलून.

कुणी पाहुणा आला की भाऊ ती गोष्ट सांगायचा. "हमारी बेटी, बर्फ पे सीधा ब्रेक! ऊपर से बोलती, आत्याने बोला." पाहुणे हसायचे. सुरुवातीला ती मध्ये बोलायची, "पप्पा, सच्ची में बोलली होती." मग नुसती मान हलवायची. मग एकदा एका मावशीनं विचारलं तर म्हणाली, "मालूम नै मावशी. शायद मलाच तसं वाटलं." मी तिथं चहा घेऊन उभी होते. ट्रे खाली ठेवला आणि साखर आणायला आत गेले. साखर ट्रेमध्येच होती.

भावजयीचं सगळं मी करत होते. वेणी घालायची, भाकरी मोडून द्यायची, पोळ्यांचं पीठ मळून ठेवायचं. ती म्हणायची, "अक्का, सख्खी बहीण करणार नाही एवढं तुम्ही करताय हो." मी म्हणायची, "गप गं." दुसरं काय म्हणणार?

पोरीला एक नवी सवय लागली. काहीही सांगितलं की परत विचारायची. "काय म्हणालीस? दही आण म्हणालीस ना? दहीच ना?" फोनवर ऑफिसवाल्यांनाही तेच, दोनदा, तीनदा. मला वाटलं, रुसली आहे, मुद्दाम करते. एकदा मी चिडले. "कान कुठं असतात गं तुझे? एकदा सांगितलेलं कळत नाही?" मान खाली घालून वर गेली. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सांगायचं मी कितीदा ठरवलं. भाकरी थापताना सगळी वाक्यं तयार करायची. अगदी सुरुवात, मध्य, शेवट. एकदा गच्चीवर कपडे काढताना ती एकटी सापडली. मी म्हणाले, "ऐक ना, त्या दिवशी रस्त्यावर..." तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. "सोड ना आत्या. माझीच गलती होती. तू नको परेशान होऊ." आणि मी सोडलं. सोडलं एवढंच नाही, मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. म्हटलं, चला, तीच म्हणते आहे.

असे चार महिने गेले. मग भावानं गाडीला गिऱ्हाईक शोधलं. रविवारी सकाळी बघायला येणार होते. आदल्या दिवशी दुपारी पोरीचा ऑफिसातून फोन आला. "आत्या, माझ्या कपाटात निळी फाईल आहे. त्यात गाडीचं आरसी आहे. काढून पप्पांच्या टेबलावर ठेव ना. निळी, आत्या. निळीच म्हणाले मी."

वर गेले, फाईल उघडली. आरसी वरच होतं. त्याच्याखाली एक घडी केलेला कागद. हिमायतनगरमधल्या कुठल्याशा कानाच्या दवाखान्याचा. उघडायला नको होता, पण उघडला. दोन कानांचे दोन आलेख, खाली इंग्रजीत डॉक्टरांचं टिपण. रुग्णाला लोक बोललेले शब्द वेगळेच ऐकू आल्यासारखे वाटतात, असं काहीतरी. दोन्ही कान उत्तम आहेत, ऐकण्यात कसलाही दोष नाही. खाली तारीख. आम्ही परत आल्यावर पंधरा दिवसांनीच.

कुणाला न सांगता, एकटी जाऊन ती कान तपासून आली होती. कान उत्तम आहेत असं डॉक्टरनं लिहून दिलं, त्यावरही तिचा विश्वास बसला नाही. बसला असता तर तिनं तो कागद बापाच्या तोंडावर फेकला असता, माझ्या तोंडावर फेकला असता. तिनं घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवून दिला. कारण आत्या म्हणाली होती, मी असं बोललेच नाही. डॉक्टरपेक्षा आत्या खरी.

मी तिच्या पलंगावर बसून ढसाढसा रडले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबला. त्याही वेळी मला आवाजाचीच काळजी.

रविवारी दहाच्या सुमाराला ते नवरा-बायको आले. नवऱ्यानं गाडीभोवती चक्कर मारली, डाव्या बाजूच्या दारावरून हात फिरवला. नवा रंग त्याला लगेच कळला. "ये कैसे हुआ भाईसाब?" भावाची गोष्ट तयारच होती. "बेटी बर्फ पे चलाई. ब्रेक मार दी." तो माणूस हसला. पोर किल्ली द्यायला उभी होती. ती म्हणाली, "हौ अंकल, मेरी गलती थी. गाडी में कुछ खराबी नै." आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

मी पायरीवर उभी होते. म्हणाले, "नाही. तिची चूक नव्हती."

भाऊ म्हणाला, "अक्का, आत्ता काय ते?"

"आत्ताच. ऐक. मी ओरडले होते. दमानं मार ब्रेक, असं मी ओरडले होते. तिला ते दम से ऐकू आलं. ती बरोबरच चालवत होती. मी ओरडले नसते तर काही झालं नसतं. काहीही झालं नसतं." भाकरी थापताना तयार केलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवलं नाही. गिऱ्हाईक नवरा-बायको एकमेकांकडं बघू लागले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण घरातलं काहीतरी फुटलंय एवढं कळलं असावं.

भाऊ म्हणाला, "पण हॉस्पिटलात मी तुला विचारलं..."

"तेव्हाच कळलं होतं मला. तू विचारलंस त्याच्या आधी, ती बोलली तेव्हाच."

भावजय वरच्या पायरीवर होती. दुसऱ्या हातानं मनगट धरून ती खाली आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, माझं हाड जुळलं हो. पण पोरीला तुम्ही..."

पोर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं तिनं. ती एकेक शब्द तोलून विचारू लागली, डॉक्टरनं विचारावं तसं.

"तू दम बोलली होतीस?"

"हो."

"म्हणजे मला दम ऐकू आलं, ते खरं होतं?"

"हो गं. खरं होतं."

"आणि तुला पहिल्या दिवसापासून मालूम होतं?"

"हो."

ती वळून त्या माणसाकडं गेली. "सॉरी अंकल, गाडी नै देनी." त्याच्या हातातून किल्ली घेतली. भाऊ काहीतरी बोलायला गेला, भावजयीनं त्याला हातानंच थांबवलं. पोरीनं गाडीवर अर्धवट राहिलेलं कापड ओढून काढलं, आत बसली, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा ते धूड उलटं, सरळ रेषेत, गेटमधून बाहेर काढलं. तासाभरानं परत आली. कुठं गेली होती ते कुणी विचारलं नाही.

आता ती रोज गाडीनं ऑफिसला जाते. भावानं ती गोष्ट सांगणं बंद केलंय. पोर मला टाकून बोलत नाही, भांडत नाही. माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्या की न सांगता आणून देते. दुसऱ्यांदा विचारायची तिची सवयही गेली. मी तिची मराठी सुधारत नाही, आणि तिलाही माझ्याशी बोलायला फारसं काही उरलेलं नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी गेट उघडायला गेले. ती गाडी घेऊन माझ्याजवळ आली आणि काच खाली केली. मला वाटलं, आता बोलेल. जे काय असेल ते बोलून टाकेल, शिव्या देईल, आणि मी ऐकून घेईन. सव्वीस वर्षं ती मला आत्या, तू, असं म्हणत आली. आदरार्थी बहुवचन तिला कधी जमलंच नव्हतं, शिकवून शिकवून मी थकले होते. त्या दिवशी तिला ते अगदी बिनचूक जमलं.

"आत्या, गेट लावून घ्या," ती म्हणाली.

मी गेट लावून घेतलं.